पुरे म्हणेपर्यंत

खाली बघा, मित्रांनो. मी एक जुनं पायपुसणं बोलतोय. हसू नका! माणसाचं तोंड थापा मारतं, पण पाय मला फसवू शकत नाहीत.

माझा जन्म समुद्राकाठच्या एका घरातला. एकदा किनाऱ्यावर जाड दोर वाहून आला. होडी आली नाही, नुसता दोर. त्या घरची आजी भलती काटकसरी. "चांगला दोर आहे, वाया कशाला घालवायचा?" म्हणत तिनं तो विणला आणि मला मागच्या दाराबाहेर टाकलं. शेजारणींनी तोंडभर कौतुक केलं. पुढे सगळे विसरले. पायपुसण्याला कोण विचारतो म्हणा!

त्या घरची एक रीत होती. समुद्रावरून आलेल्यानं बंद दाराशी पाय पुसत उभं राहायचं. आतल्यानं खिडकीतून बघायचं, ओळख पटली की "पुरे" म्हणायचं. मगच आत यायचं. कारण घरातले सगळे आत आल्यावरही तिन्हीसांजेला कुणीतरी माझ्यावर पाय पुसायला यायचं. त्या पायांना वजन नव्हतं, नुसतं गार पाणी. कितीही पुसले तरी ते वाळत नसत. खरखर ऐकू आली की आजी रेडिओ मोठा करायची. शेवटी कंटाळून ते पाय परत जायचे.

एका उन्हाळ्यात दूरदेशीची एक मुलगी सुट्टीला आमच्याकडे राहायला आली. घरातली आई, म्हणजे आजीची सून, शिवणकाम करायची आणि वरची खोली पाहुण्यांना द्यायची. ही पाहुणी दिवसभर लाटांत असायची आणि येताना अर्धा किनारा पायाला लावून आणायची. पण रोज मला उन्हात झटकायची. "बिचारं किती मळलंय!" म्हणायची. माझा जीव जडला तिच्यावर, खोटं कशाला सांगू?

घरच्यांनी तिला रीत सांगितली, कारण मात्र सांगितलं नाही. पाहुणीला उगाच कशाला घाबरवा! तिथेच चुकलं.

एके संध्याकाळी आजी न्हाणीघरात होती, आई शिवणयंत्रावर. माझ्यावर खरखर सुरू झाली. दारात आलेल्याला ताटकळत ठेवणं पाहुणीच्या घरी फार वाईट समजत. तिनं आतूनच हाक दिली, "अहो, पुरे की! या ना आत!"

पाय थांबले. यंत्रही थांबलं. दार आपोआप उघडलं आणि मी हलका झालो.

"कुणाला बोलावलंस गं?" आईनं विचारलं.

"कुणीतरी पाय पुसत होतं ना?" पाहुणी म्हणाली. दारात कुणीच नव्हतं. फरशीवर ओली पावलं उमटली होती, थेट तिच्या खुर्चीपर्यंत.

मग घराचं स्वास्थ्यच गेलं. पाहुणीचं अंथरूण सकाळी भिजलेलं असायचं. तिला खारट खोकला लागला. ती जाईल तिथे मागोमाग ओली पावलं. डॉक्टर म्हणाले, थंडी बाधली. आजीनं ओळखलं, पोर हातची जाणार.

"तू बोलावलंस, आता तूच पोचवायला हवं," आजी तिला म्हणाली. "पाण्यापर्यंत जा आणि मागं न बघता परत ये."

"आजी, तुम्ही चला ना सोबत. मला खूप भीती वाटते हो!"

"सोबत चालत नाही, पोरी. मी दारातच बसते."

सूर्य टेकला तशी ती गेली. तिची पावलं माझ्यावरून उतरली आणि मागून ती दुसरी, ओली. आजी दारात, आई खिडकीत, आणि मी! माझा तर जीव टांगणीला लागला होता.

ती परत आली. तोच फ्रॉक, तोच चेहरा. आईला रडू फुटलं. परत आलेली ती माझ्यावर उभी राहून पाय पुसू लागली. पुसतच राहिली. मित्रांनो, पाणी संपेना! वजन होतं, पण पाय तिचे नव्हते. मी कड वर करून तिला पाडायची धडपड केली. पायपुसण्याची धडपड ती किती!

"पुरे गं बाई, ये आत," आजी म्हणाली.

पाहुणीची सुट्टी संपली. बॅगा घेऊन निघताना मला झटकणं सोडाच, ती मला ओलांडून गेली. सगळ्यांनी प्रेमानं हात हलवले.

त्याच संध्याकाळी माझ्यावर दोन पाय टेकले. हलके, गारठलेले, वाळूनं माखलेले. हे मात्र मी ओळखले. आमची पोरगी! ती पाय पुसत होती, अगदी शिकवल्यासारखी, आतून कुणी "पुरे" म्हणायची वाट बघत. आजीनं रेडिओ मोठा केला.

आता मी विरलोय, माझा दोर सुटत चाललाय. लवकरच मला फेकून देतील. त्याचं दुःख नाही. पण मग ती उभी कशावर राहील? मित्रांनो, सुट्टीत कधी त्या घरी उतरलात आणि दाराशी खरखर ऐकू आली, तर घाबरू नका. तिला फक्त घरी जायचंय. तुमच्यापैकी कुणीतरी "पुरे" म्हणा ना!