परक्या कॅमेऱ्यावरची लेन्स

नाट्यगृहातल्या लोकांसाठी ती अजूनही छोटीच होती. चाळिशी जवळ आली, चष्मा लागला, स्टुडिओच्या पाटीवर बाबांच्या खाली तिचंही नाव चढलं, तरी पडद्यामागे पाऊल टाकलं की कुणीतरी विचारणारच, "काय छोटी, काका कुठायत?" काका म्हणजे तिचे बाबा. रंगीत तालमीचे फोटो काढावेत ते काकांनीच, असा तिथला अलिखित नियम होता. छोटीने बॅग धरायची, बॅटऱ्या चार्ज करायच्या आणि एरवी स्टुडिओत बसून पासपोर्टचे फोटो काढायचे. हनुवटी जरा खाली, हं, हसू नका. वर्षानुवर्षं लोकांना हसू नका म्हणून सांगता सांगता तिचं स्वतःचं हसणंही कमी झालं होतं.

बरं, बाबांना नावं ठेवायला जागा नव्हती. माणूस खरोखरच तयारीचा. नवीन नाटक असलं की आधी एक तालीम नुसती ऐकायचे, मागच्या रांगेत डोळे मिटून. लोकांना वाटायचं काकांना डुलकी लागली. दुसऱ्या तालमीला कॅमेरा घेऊन उभे राहिले की कुठल्या वाक्यावर कोण मान वळवणार हे त्यांच्या बोटाला आधीच ठाऊक असायचं. त्यांची आणखी एक खोड होती. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर ते काळी चिकटपट्टी लावून टाकायचे. अंधारात तो उजेड नटाच्या डोळ्यांत जातो आणि त्याची तंद्री मोडते, असं त्यांचं म्हणणं. काढलेला फोटो लगेच बघणं म्हणजे पेपर लिहिता लिहिता मास्तरांना मार्क विचारणं. फोटो बघायचे ते दुसऱ्या दिवशी, स्टुडिओत, मोठ्या स्क्रीनवर, चहा घेऊन.

जुने कॅमेरे थकले तेव्हा नवे कुठल्या कंपनीचे घ्यायचे यावरून घरात बरीच वादावादी झाली. छोटीने हट्टाने दुसऱ्याच कंपनीचे मिररलेस कॅमेरे आणले. आत आरसा नाही, त्यामुळे खटखट आवाज नाही, आणि नाटकवाल्यांना आणखी काय हवं? बाबांचा मात्र जीव त्यांच्या लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये अडकलेला. "बॉडी तुझ्या पसंतीची घे," ते म्हणाले, "पण काच माझीच राहील."

"राहू दे की. मध्ये अ‍ॅडॉप्टर बसवायचा. या कंपनीची लेन्स त्या कंपनीच्या बॉडीवर चालते. काही फरक पडत नाही."

दुकानदारही तेच म्हणाला होता, आणि छोटीने स्वतः तपासूनही पाहिलं होतं. दुकानातल्या भिंतीवरचं घड्याळ, रस्त्यापलीकडची उभी गाडी, दारात चौकटीला टेकलेली आई. सगळं झटकन फोकसमध्ये आलं. सगळं उजेडातलं आणि जागचं न हलणारं होतं, ही गोष्ट तिच्या लक्षात आली नाही. काही फरक पडत नाही, हे तिने इतक्या ठसक्यात सांगितलं की नंतर ते वाक्य परत घेणं तिच्या जिवावर आलं.

मग ते नाटक आलं. शेवटच्या प्रवेशात नायिका खुर्चीतून उठते आणि एकही शब्द न बोलता सावकाश पुढे चालत येते, अगदी रंगमंचाच्या कडेपर्यंत, आणि प्रकाश हळूहळू उतरत जातो. अख्खं नाटक त्या चालण्यासाठी लिहिलेलं. रंगीत तालमीला बाबांनी तिच्या डोळ्यावर फोकस धरला, बटण दाबून ठेवलं आणि ती कडेला येईपर्यंत फोटोमागून फोटो घेतले.

दुसऱ्या दिवशी मोठ्या स्क्रीनवर पहिला फोटो लखलखीत आला. दुसऱ्यात बाई उठली आणि जरा मऊ झाली. पुढच्या प्रत्येक फोटोत ती जवळ जवळ येत होती आणि पुसत पुसत जात होती. मागे रिकामी खुर्ची मात्र लाकडाच्या रेषांसकट स्वच्छ दिसत होती. प्रवेशाचे सगळे फोटो असेच. बाबा चहा प्यायचे विसरले. घाईत असलेल्या दिग्दर्शकाने तोवर ते आपल्याकडे मागवूनही घेतले होते. त्याचा फोन आला. तो ओरडला नाही. "काका, खुर्ची छान आलीय," एवढंच म्हणाला.

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. "मला तेव्हाच शंका आली होती," ते छोटीला म्हणाले. "डोळ्यापुढे धूसर व्हायचं. मग स्वच्छ व्हायचं. परत धूसर. म्हटलं, थकवा असेल."

बाबा नव्या कॅमेऱ्यातून जे बघत होते ते त्यांच्या डोळ्याने नव्हे, लेन्सनेच धूसर केलेलं असावं, असं तिला त्या क्षणी वाटून गेलं.

संध्याकाळी बाबा घरी गेल्यावर तिने स्टुडिओची दारं लावली, एकच मंद दिवा ठेवला आणि मदतीला थांबवून घेतलेल्या आईला मागच्या पडद्यापासून आपल्याकडे चालत यायला सांगितलं. "सावकाश ये गं. थांबू नकोस."

"कशाला?"

"ये तर."

बाबांची लेन्स अ‍ॅडॉप्टरवर चढवून तिने बटण दाबून ठेवलं. लेन्स एकदा पुढे गेली, मागे आली, चाचपडली आणि पहिल्या फोटोपाशी जी थांबली ती थांबलीच. आई पुढे आली, फोकस मागे स्टुलावर राहिला. मग तिने कॅमेऱ्याच्याच कंपनीची लेन्स लावली आणि आईला परत चालवलं. डोळ्यावर फोकस धरणारी कॅमेऱ्यातली हिरवी चौकट आईला चिकटून चालत आली, पार नाकाशी येईपर्यंत. परक्या बॉडीला बाबांच्या लेन्सशी नीट बोलताच येत नव्हतं. उभ्या माणसापुरतं त्यांचं जमायचं. माणूस अंधारात चालायला लागला की दोघांचा ताळमेळ सुटायचा.

"झालं का तुझं? घरी दूध तापवायचं राहिलंय," आई म्हणाली.

आता सरळ घरी जायचं आणि सांगून टाकायचं, बाबा, तुमची चूक नाही, माझी आहे. छोटीने कुलूप लावलं तेव्हा हे वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. पण वाटेतच नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाचा फोन आला. "फोटो परत काढावे लागतील. काकांना आता जरा आराम दे. तू येशील का? तुझ्या हाताने काढ."

तुझ्या हाताने. हे ऐकायला तिने किती वर्षं वाट पाहिली होती. ती हो म्हणाली, आणि घरी जाऊन गप्प जेवली. वाईट माणसं जे करतात ते करायला फार वाईट असावं लागत नाही. नेमक्या वेळी एक वाक्य गिळलं की पुरतं.

तिचे फोटो अप्रतिम आले. नायिका कडेला उभी, पापणीचा केस न् केस मोजता यावा अशी. नाट्यगृहाबाहेर ते मोठे करून लावले. "छोटीने काकांचं नाव राखलं," असं लोक म्हणू लागले, आणि दरवेळी ती मान खाली घालायची. लोकांना वाटलं विनय.

डोळ्यांचा डॉक्टर बाबांना नवा नंबर देईल आणि हे प्रकरण आपोआप मिटेल, अशी तिने मनाची समजूत घातली होती. वयाने थोडं धूसर दिसतं, त्यात कुणाचा दोष? आई-बाबा तपासणीला गेले आणि आई आनंदात परत आली. "डॉक्टर म्हणाले, या वयात इतके स्वच्छ डोळे बघितले नाहीत. मागे केलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशनही झकास झालंय. मी म्हणतच होते."

बाबा जोडे काढत राहिले. एक जोडा काढून झाल्यावर तो हातात धरून बसले. "डोळे चांगले आहेत," ते म्हणाले. "मग बिघाड वर, डोक्यात आहे. दादाचंही असंच सुरू झालं होतं."

दादा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. शेवटी शेवटी ते स्वतःच्या बायकोला, बाई, तुम्ही कुणाकडे आलात, असं फार अदबीने विचारायचे. सुरुवात साधीच होती. समोरचं अंधुक होतं आणि परत येतं, एवढीच त्यांची तक्रार.

त्या दिवसापासून बाबा स्वतःवर पाळत ठेवू लागले. गॅस बंद केला का, म्हणून आईला दोनदा विचारायचे. रस्ता एकट्याने ओलांडेनासे झाले. शेजाऱ्यांशी बोलताना एखादा शब्द अडला, जो कुणाचाही अडतो, की चेहरा उतरायचा. त्यांनी लेन्स पुसून कपाटात ठेवली, स्टुडिओच्या किल्ल्या छोटीच्या हातात दिल्या आणि कुठल्या गिऱ्हाइकाला काय आवडतं ते सावकाश सांगत बसले, परगावी निघालेल्या माणसासारखे. छोटी ऐकत होती आणि प्रत्येक वाक्याला मनात म्हणत होती, उद्या सांगू. मात्र जितके दिवस गेले तितकं सांगणं जड झालं, कारण आता अ‍ॅडॉप्टरबद्दल बोलून भागणार नव्हतं, मधल्या दिवसांबद्दलही बोलावं लागणार होतं.

एका सकाळी बाबा तिच्या टेबलापाशी आले. "मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेशील? आईला आत्ता सांगू नकोस. निदान नक्की तरी कळू दे."

ते बाहेर जाऊन बसले. छोटीने फोन लावला. पलीकडच्या बाईने वय विचारलं, मग म्हणाली, "काय त्रास होतो त्यांना?"

"धूसर दिसतं. मध्येच स्वच्छ होतं, परत धूसर."

"नेहमी?"

"नाही. कॅमेऱ्यातून बघताना."

"फक्त कॅमेऱ्यातून?"

"हो."

"अहो, मग कॅमेरा दाखवलात का कुणाला?" ती चेष्टा करत नव्हती, अगदी मनापासून विचारत होती. छोटीला तोंडात मारल्यासारखं झालं. तिने, परत करते, म्हणून फोन ठेवला.

दुपारी तिने कपाटातून लेन्स काढली, कॅमेरा घेतला, घरातल्या मधल्या खोलीचे पडदे ओढले आणि बाबांना खुर्चीत बसवलं. "बाबा, डोळा लावा. बटण अर्धं दाबून ठेवा. आई, तू कपाटापासून इकडे चालत ये."

बाबांनी डोळा लावला. आई निघाली. "झालं धूसर," ते खचून म्हणाले. "बघ. आत्ताही झालं."

"आता हे बघा." तिने लेन्स बदलली. "आई, परत."

आई परत कपाटाशी गेली आणि चालत आली. बाबांनी डोळा काढला नाही. "जात नाहीये," ते पुटपुटले. "स्वच्छ आहे. चालतेय तरी स्वच्छ आहे." त्यांनी लेन्स स्वतःच्या हाताने पुन्हा बदलून पाहिली, परत परत पाहिली, आणि मग त्यांच्या सगळं ध्यानात आलं. ते हसायला लागले. हसता हसता डोळे भरून आले. "लेन्स चाचपडतेय गं. मी नाही. माझं डोकं शाबूत आहे." त्यांनी आईचा हात धरला. इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा असा मोकळा झाला नव्हता, आणि छोटीला वाटलं, सुटले. इथेच थांबावं. हे आत्ताच लक्षात आलं असं म्हणावं.

"मला मेलीला काही कळत नाही," आई पदराने डोळे टिपत म्हणाली. "किती चालवाल? त्या दिवशी स्टुडिओतही हिने असंच चालवलं होतं. आधी ही लेन्स, मग ती."

बाबांचं हसणं थांबलं. "कुठल्या दिवशी?"

आईने छोटीकडे पाहिलं. आपण काहीतरी चुकीचं बोलून गेलो एवढं तिला कळलं, काय ते कळलं नाही.

"त्याच संध्याकाळी," छोटी म्हणाली. "तुमचे फोटो बिघडले त्या. मला तेव्हाच कळलं होतं, बाबा. चूक माझ्या कॅमेऱ्याची होती. त्यांनी मला फोटो काढायला बोलावलं आणि मी बोलले नाही."

ते आता ओरडतील, कॅमेरा आपटतील, निदान चालती हो तरी म्हणतील, म्हणून ती वाट बघत राहिली. बाबांनी लेन्सला झाकण लावलं.

"रोज सकाळी जाग आली की मी डोळे उघडत नसे," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. "आधी सगळ्यांची नावं मनात म्हणून बघायचो. येतायत का ते. सगळ्यात पहिलं तुझं म्हणायचो. म्हटलं, बाकी कुणाचं विसरलो तर निभेल. हिचं विसरलो तर पोर हाय खाईल."