भाऊसोच्या नावची गाडी

पासिंगची मुदत संपायला आठ दिवस राहिले, तसा भाऊसो जीप घेऊन कोल्हापुरात एजंटाकडं आला. वीस-बावीस वर्षं तो गारगोटी ते कोल्हापूर वडाप करत होता. एका फेरीला दहा-बारा माणसं, सणासुदीला टपावर पोती. पासिंगचे कागद दरवेळी विश्वजित नावाचा हाच एजंट करून द्यायचा.

विश्वजितनं कॉम्प्युटरवर गाडीचा नंबर घातला. "आता समदं ऑनलाइन झालंय, मामा. मालकाच्या मोबाईलवर ओटीपी येतोय, तेवढा सांगा."

भाऊसो मोबाईल हातात धरून बसला. काहीच आलं नाही.

विश्वजितनं पडद्यावर वाकून बघितलं. "मामा, ही गाडी हंबीररावांच्या नावावर हाय की."

"व्हती. माझ्या नावावर करून बावीस वरसं झाली."

भाऊसोनं पिशवीतनं आरसी बुक काढलं. पहिल्या पानावर हंबीररावांचं नाव होतं. चौथ्या पानावर निळ्या शाईत भाऊसोचं पूर्ण नाव, तारीख, गोल शिक्का, साहेबांची सही. हंबीररावांकडं त्यानं आठ वर्षं ड्रायव्हरकी केली होती. त्यांनी नवी गाडी घ्यायची ठरवली तेव्हा, "बाहेरच्याला इकण्यापेक्षा तूच घे," असं म्हणून ही त्याला विकली होती आणि सही करायला स्वतः आरटीओ ऑफिसात आले होते. त्या दिवशी मीनाबाईनं, भाऊसोच्या बायकोनं, विहारात मेणबत्त्या लावून अख्ख्या वस्तीत पेढे वाटले होते. वस्तीत कुणाच्या नावावर चारचाकी होण्याची ती पहिलीच वेळ होती.

"बुक खरं हाय, मामा," विश्वजित म्हणाला. "पर बुक आता कोण बघत न्हाय."

आरटीओच्या खिडकीत पूर्णिमा नावाच्या मॅडम होत्या. त्यांनी बुक पानापानानं नीट बघितलं. जुनी बुकं कॉम्प्युटरवर चढवताना पहिल्या पानावरचं नाव गेलं असणार, चौथं पान राहिलं असणार, असं त्या म्हणाल्या.

"मग आता चढवा की."

"मूळ रजिस्टरशी जुळवल्याशिवाय नाही चढवता येत, काका."

रजिस्टर शोधायला त्यांनी आठवडा मागितला. भाऊसो तीनदा गेला. तिसऱ्या खेपेला मॅडम त्याला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. महापुरात भिजलेली रजिस्टरं तिथं ओळीनं ठेवली होती. हवं ते वर्ष सापडलं, पण पानं एकमेकांना चिकटून त्याची वीट झाली होती. मॅडमनी नखानं एक पान सोडवायला घेतलं, तर त्याचा नुसता भुगा हातात आला.

"काका, मला पटतंय तुमचं. पण मला पटून काय होणार? ज्यांचं नाव दिसतंय त्यांनी ओटीपी दिला, तर नाव बदलेल. नाहीतर कोर्ट."

पासिंग संपलं. जीप दारात उभी राहिली.

हंबीररावांचं गाव मुरगूडच्या अलीकडं. अर्धांगाच्या झटक्यानं ते दोन वर्षं अंथरुणावर होते आणि वाचा गेली होती. त्यांचा मोबाईल पोराकडं, राजवर्धनकडं असायचा. याच राजवर्धनला भाऊसोनं याच जीपमधनं चार वर्षं शाळेत पोचवलं होतं.

भाऊसो उशाशी बसला आणि त्यानं चौथं पान उघडून हंबीररावांपुढं धरलं. "मालक, वळखलं न्हवं?"

हंबीररावांनी डावा हात उचलला आणि पानावर ठेवला. तोंडातनं आवाज आला, शब्द झाला नाही. डोळ्यांतलं पाणी कानशिलावर उतरलं.

"त्यास्नी काय कळत न्हाय आता," राजवर्धन दारातनं म्हणाला. "कुणी बी आलं तरी रडत्यात."

"कळतंय की दादा! बगा, हात ठेवलाय. तुमी त्यो ओटीपी तेवढा द्या. बाकीचं विश्वजित करंल."

"वकिलाला इचारतो आन् सांगतो." राजवर्धननं मोबाईल खिशात टाकला. "च्या घेऊन जावा."

भाऊसो चहा पिऊन निघाला. महिनाभर त्यानं रोज फोन केला. आधी राजवर्धन "बघतोय" म्हणायचा, मग त्यानं फोन उचलणंच बंद केलं. भाऊसोच्या नेहमीच्या माणसांनी दुसऱ्या जीपा धरल्या. मुलगी प्रीती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं हॉस्टेल सोडलं आणि एसटीनं रोजचं जाणंयेणं सुरू केलं.

एका सकाळी राजवर्धन दोन माणसं घेऊन दारात आला. त्याला नवी गाडी घ्यायची होती. नावावरची जुनी गाडी भंगारात घातली की नव्या गाडीच्या टॅक्सात सूट मिळते, हे त्याला शोरूममध्ये कळलं होतं.

"दादा, ही गाडी माझी हाय."

"मोबाईलवर बघा की. कुणाच्या नावावर दिसतीया?"

मीनाबाई जीपपुढं जाऊन उभी राहिली. राजवर्धननं पोलिसांना फोन लावला. हवालदार आला, त्यानं नंबर मोबाईलवर घातला आणि पडदा भाऊसोपुढं धरला. मग बुक हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"ह्यात तुमचं नाव हाय, खरं हाय. पर ह्यात न्हाय," तो मोबाईल दाखवत म्हणाला. "मी काय करू, पावणं? कोर्टात जावा. वैनी, बाजूला व्हा."

मीनाबाई हलली नाही. शेवटी भाऊसोनंच तिचा हात धरून तिला बाजूला घेतलं.

किल्ली जीपलाच होती. त्या माणसांनी अर्धा तास खटपट केली. जीप सुरूच होईना. राजवर्धन घामाघूम झाला. बऱ्याच वेळानं तो भाऊसोकडं न बघता म्हणाला, "काका, तुमी बघता काय जरा? टोचन लावून वढत न्ह्यायची म्हंजी बॉडीची पार वाट लागंल."

"जाऊ नगंसा," मीनाबाई म्हणाली.

भाऊसो थोडा वेळ उंबऱ्यात उभा राहिला. परक्या माणसांची गिअरशी चाललेली ओढाताण त्याला बघवेना. तो स्टिअरिंगवर बसला. चोक ओढला, क्लच दाबून दोनदा किल्ली फिरवली. जीप सुरू झाली. राजवर्धन शेजारी येऊन बसला.

शिरोलीच्या बाजूच्या भंगाराच्या आवारापर्यंत भाऊसोनं ती चालवत नेली. गेटवरच्या माणसानं राजवर्धनला मालकाचा ओटीपी विचारला. राजवर्धनच्या खिशातला हंबीररावांचा मोबाईल लगेच वाजला. त्यानं सहा आकडे वाचून दाखवले. कामाला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

एक पोऱ्या पान्हा घेऊन नंबरप्लेट काढायला बसला. भाऊसो बाहेर येऊन हायवेला थांबला. मीनाबाईचा फोन आला.

"काय झालं?"

"झालं."

"कोर्टाचं कायतरी बगू या की. प्रीतीच्या वळखीचा वकील हाय म्हनं."

"बगू," तो म्हणाला. एवढ्यात गारगोटीची एसटी आली. बसायला जागा नव्हती. तो दांडीला धरून उभा राहिला आणि कंडक्टरनं विचारलं, तेव्हा त्याला आपल्याच गावाचं नाव सांगायला क्षणभर सुचेना.