दारावरची उलटी तुळई

मी तुळई बोलतेय. यवतमाळच्या एका गल्लीतल्या दुमजली घराच्या दारावर आडवी पडून आहे, अख्खी माडी छातीवर घेऊन. जात सागाची, जन्म झरीच्या रानातला. मला आणायला रूपसिंग बंजाऱ्याच्या तांड्याचे बारा बैल लागले. वाटेत पांढरकवड्याला मी नुसती कूस बदलली, तर गाडीचा आस मोडला. या माडीवर एकदा हत्ती चढला होता, तेव्हाही मी हूं की चूं केलं नाही. गल्लीत कुणालाही विचारा. हसतील, पण विचारा.

घर बांधणाऱ्या कापूसवाल्या शेटजीने माझ्यावर गणपती कोरून घेतला. येणाराजाणारा हात जोडायचा. मला वाटायचं, मलाच जोडतात! शेटजी गेले, पोरं नागपूरला गेली, पाच-सहा भाडेकरू आले. कुणी माझ्या खिळ्याला कंदील टांगला, कुणी छत्री. चुना गळाला, छपराचे कवेलू फुटले, तरी "आपल्या बापाचं थोडंच आहे" म्हणत राहिले, आणि एकेक करून निघून गेले.

सत्तावन्न साली घर विकायला निघालं. डोमाजी, त्याचा भाऊ गोविंदा आणि बहीण रुखमाबाई, अशा तीन बिऱ्हाडांनी मिळून ते घेतलं. डोमाजी जिनिंगमध्ये कामाला. आदल्या वर्षी सगळे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. घरातले जुने देव नदीत सोडले होते. आता गावाबाहेरच्या झोपड्याही सोडल्या.

समोरच्या ओट्यावरून कुणी म्हणालं, "पाहू, किती दिवस उभं राह्यते यांचं घर."

डोमाजीने ते ऐकलं. बायकोला म्हणाला, "मथुरे, हे घर पडलं तं आपण पडलो. माघारी जायले जागा नाही."

मग तिन्ही बिऱ्हाडं राबली. जिनिंगची पाळी संपली की माती, चुना, कवेलू. गवंडी म्हणून एकटा विठ्ठलराव आला. पहिले तीन दिवस त्याने घरून पाणी आणलं, चौथ्या दिवशी स्वतःच म्हणाला, "चहा ठेवता का नाही, मथुराबाई?"

विजयादशमीची बुद्धवंदना नव्या घरात करायची ठरली, आणि डोमाजीची नजर माझ्या गणपतीवर गेली.

"विठ्ठलराव, हे तासून टाका. आम्ही सोडलं ते सोडलं."

"देवाच्या तोंडावर छिन्नी? माहे हात झडतीन!"

"मंग मीच काढतो."

"काढ. पण उद्या मी टेकू आणतो, त्याच्याबिगर हात लावू नको."

डोमाजीला वाटलं, नक्षीच्या पट्टीला टेकू कायले? गवंड्याची पाठ वळताच त्याने गणपतीच्या पायाशी लोखंडी सब्बल घातली आणि जोर दिला. मी ओरडले, पण लाकडाचं ओरडणं माणसाला नुसतं 'कडकन' ऐकू येतं. वरची भिंत बसली. माती भसाभसा गळू लागली. माडीवर मथुराबाई सारवत होती.

डोमाजीने सब्बल टाकली आणि मला खांदा लावला. "मथुरे, खाली ये! नको, थांब! हलू नको व!"

"एक काहीतरी सांगा ना!" वरून ती ओरडली.

मला पहिल्यांदाच कुणीतरी उचलून धरलं होतं. गोविंदा धावत जाऊन विठ्ठलरावला घेऊन आला, टेकू लागले, मथुराबाई खाली उतरली. डोमाजी उंबऱ्यावर बसून लहान लेकरासारखा रडला.

आता दुसरा साग आणायची कुणात ताकद उरली नव्हती. मथुराबाई म्हणाली, "तोंडच फिरवा ना तिचं. आम्हाले दिसणार नाही, तुमचे हात झडणार नाहीत."

सगळ्यांना पटलं. विठ्ठलरावने देवाला धक्का नको म्हणून गणपतीवर लाल फडकं बांधलं. डोमाजीने तिकडे पाहायचंच नाही असं ठरवलेलं. मला काढून, तोंड भिंतीत करून परत बसवलं. बाहेरच्या गुळगुळीत पाठीवर चुना फिरला.

सब्बलीने पडलेली भेग त्या फडक्याखाली होती. एकाने देव झाकला म्हणून पाहिली नाही, दुसऱ्याने देव सोडला म्हणून पाहिली नाही.

आज पाच वर्षं झाली. घर असं सजलंय की समोरचा ओटा गप्प आहे. भेग मात्र दर उन्हाळ्यात बोटभर सरकते. गणपतीच्या पायापासून निघाली, ती आता त्याच्या कानापर्यंत आली आहे. मी कुरकुरते, तर डोमाजी म्हणतो, "साग हाय, बोलतेच." रोज सकाळी त्याच्या चहात चुन्याची खपली टाकते. मथुराबाई म्हणते, "उंदरं झाले वाटते माडीवर."

उद्या विजयादशमी. वंदनेला यंदा चाळीस-पन्नास माणसं माडीवर बसणार आहेत. दुपारपासून सतरंज्या वर जात आहेत. प्रत्येक पाऊल मी मोजतेय.

वाचणाऱ्या बाबा, तू तरी जा. विठ्ठलरावला हाक मार, टेकू लावायला सांग, चुना खरवड, भिंत उकर, फडकं सोड. आयुष्यभर मी फुशारक्या मारल्या, म्हणून तू हसशील. पण ऐक, हत्ती कधी आलाच नव्हता. बैलही बारा नव्हते, दोनच होते.

भेग खरी आहे.