चुगली न करणारा ब्राउझर

आमच्या चष्म्याच्या दुकानात एक पद्धत आहे. गिऱ्हाइकाच्या नाकावर नवा चष्मा चढवला, की त्याला काउंटरवरच्या कॉम्प्युटरकडे तोंड करून उभं करायचं आणि पडद्यावर असेल ते वाचायला लावायचं. भिंतीवरचा तक्ता एव्हाना सगळ्यांना पाठ झालाय, त्याचा काय उपयोग?

तर त्या दिवशी एक निवृत्त मास्तर उभे राहिले आणि वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचू लागले, "स्वतंत्र खोली. शांत गल्ली. ताबा लगेच." चष्मा त्यांना अगदी बरोबर लागला होता. माझं मात्र धाबं दणाणलं.

कारण खोली मी शोधत होते. भांडण नाही, तंटा नाही. माहेरी सहा भावंडांच्या रांगेत झोपले, सासरी सासूच्या खोकल्याशेजारी, आणि आता भिंतीपलीकडे मुलाचा टीव्ही. एकसष्टी आली तरी मनाला येईल तेव्हा दिवा मालवायची सोय नाही. ती एकदा हवी होती, एवढंच. पण मुलाला सांगावं तर तो जेवण सोडणार, आणि नातेवाईक म्हणणार, सुनेनं म्हातारीला घालवली. म्हणून दुपारी दुकान सामसूम असताना जरासं शोधून बघितलं, तर त्या मेल्या ब्राउझरनं जाहिराती दाखवून दवंडीच पिटली.

चिरंजीव चष्म्याची काडी सरळ करत होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग त्याच कॉम्प्युटरवर दुकानाचा हिशोब ठेवणाऱ्या बायकोकडे, आणि तेव्हापासून तिच्याशी अबोला. हीच वेगळं व्हायचं बघतेय, अशी पक्की समजूत. ती बिचारी हूं की चूं करेना. मला फार वाईट वाटलं, पण तोंड उघडलं असतं तर खोली हातची गेली असती, म्हणून मीही मूग गिळून बसले.

समोरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला गाठलं. माझा स्वतःचा फोन बटणांचा, त्यामुळे कॉम्प्युटरशिवाय गत्यंतर नव्हतं. त्यानं मला खाजगी खिडकी उघडायला शिकवलं. बंद केली की सगळं विसरते म्हणाला. पण विसरावं म्हणजे किती! घरमालकाचा नंबर बघायचा तर खोल्यांच्या त्या साइटवर नाव नोंदवून लॉगिन करावं लागतं. मी इमानेइतबारे नाव नोंदवलं, पासवर्ड ठेवला. दुसऱ्या दिवशी बघते तर ती खिडकी मला ओळख दाखवायला तयार नाही. आणि पासवर्ड तर मलाही आठवेना.

पुन्हा त्याच्याकडे गेले. "हे बघ," मी म्हटलं, "मला लोकांत चुगली न करणारा हवाय, पण मला ओळखणारा हवाय. आहे का असा कुणी?"

आहे म्हणाला. जुना ब्राउझर काढू नका, दुकानाची कामं त्यातच चालू द्या. हा दुसरा गुपचूप बाजूला ठेवा. हा जाहिरातवाल्यांना मागे लागू देत नाही, आणि लॉगिन मात्र जपून ठेवतो. असा नवरा मिळाला असता तर माझा संसार सोन्याचा झाला असता, असं मी म्हटलं. त्यानं हसत हसत येऊन तो बसवून दिला आणि गेला.

उघडल्या उघडल्या त्या नव्यानं विचारलं, जुन्या ब्राउझरमधलं सामान आणू का? मी 'हो' दाबलं. घर बदलताना भांडीकुंडी कोण मागे टाकतं? मग साइट उघडली, तर लॉगिनच्या चौकटी आयत्या भरलेल्या. वा रे पठ्ठ्या, म्हणत दाबलं. वर अक्षरं उमटली: नमस्कार, बनी. तुम्हाला हव्या तशा दोन खोल्यांच्या नव्या जागा आल्या आहेत.

बनी हे सुनेचं माहेरचं लाडाचं नाव.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी यांना सोडून जाणं वेगळं. ही मला सोडून जाते म्हणजे काय?

सून डबा घेऊन आली. मी पडदा तिच्याकडे फिरवला आणि वाच म्हटलं. तिनं वाचलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"लग्न झाल्यापासून बघतेय," ती म्हणाली. "यांना माहीत नाही. पण मग वाटायचं, आई एकट्या कशा राहतील? म्हणून कुणाला फोन केलाच नाही कधी."

माझा राग असा उतरला, की धरायला गेले तरी सापडेना. "मी झकास राहीन," मी म्हटलं. "मास्तरांनी वाचली ती खोली मी बघत होते."

ती स्टुलावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग एकदम थांबून म्हणाली, "आणि अबोला मी सोसला!" तरीही तिनंच त्या शांत गल्लीतल्या खोलीचा नंबर काढला, स्वतःच्या फोनवरून लावला आणि स्पीकर चालू केला. तेवढ्यात चिरंजीव आले. बायकोनं त्यांना हातानंच गप्प केलं.

घरमालकानं विचारलं, राहणार कोण, एकट्याच का? हे 'हो' मी किती वर्षं घोकलं होतं. ऐन वेळी मी काउंटरवरचा एक चष्मा उचलून पुसत बसले.

"एकट्याच," सून म्हणाली. "पण जेवायला रोज आमच्याकडे."

"रोज नाही," मी फोन हिसकावून घेतला. मग दारात उभ्या असलेल्या मुलाकडे बघितलं. तो चष्मा काढून डोळे पुसत होता.

"रविवारी येईन," मी म्हटलं.