मेंदूचा क्रॅश कोर्स

आमच्या घरात माझ्या नवऱ्याला लेक सोडली तर सगळे सर म्हणतात. मीही म्हणते. लग्न झालं तेव्हा ते नुसते महारुद्र होते, पण सेलूत त्यांनी क्लास काढला आणि वालूरच्या घरातसुद्धा ते सर झाले. त्यांची सख्खी आई पार्वतीबाई, म्हणजे माझ्या आत्याबाई, 'सरांना चहा दे गं' म्हणतात. माणसाला उठताबसता सर म्हणत राहिलं की त्याला जगात दोनच गोष्टी दिसायला लागतात, पेपर आणि निकाल. हे आधी कळलं असतं तर मी नावानंच हाक मारली असती.

आमची प्रियांका सातवीत असताना तिला मेंदूज्वर झाला. संभाजीनगरला ऑपरेशन झालं. डोक्यात साचणारं पाणी पोटात उतरावं म्हणून कातडीखालून एक नळी बसवली. पोरगी वाचली, त्यासाठी मी अजून रोज हात जोडते. पण पुढं झटके सुरू झाले, झटक्यांच्या गोळ्या सुरू झाल्या, उजवा हात मंदावला आणि सकाळी वाचलेलं दुपारपर्यंत डोक्यात राहिना. आता ती दहावीत होती. डॉक्टरांनी सांगितलं, परभणीला बबिता मॅडम आहेत, त्या स्मरणशक्ती, लक्ष, विचारांचा वेग असं सगळं नीट तपासतात. पोरगी नेमकी कुठं अडते ते त्यांच्या अहवालात येईल. त्यावर बोर्डाच्या परीक्षेत जास्तीचा वेळ मिळेल, लेखनिक मिळेल, आणि तिला शिकवायचं कसं तेही ठरवता येईल. मला तेवढंच हवं होतं. ते नाही मिळालं तर पोरगी पूर्ण वेळ कोऱ्या कागदाकडे बघत बसणार, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

डॉक्टरांच्या एवढ्या बोलण्यातून सरांनी एकच शब्द उचलला. चाचणी.

"कवा हाय?" त्यांनी विचारलं.

"महिन्याभरानं नंबर लागेल."

"बास झालं. महिन्याभरात मी दगडाला पास करतो."

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, गंमत चाललीय. मी हसले नाही, कारण मला माणूस माहीत होता.

आमच्या भागात पोरगं चालायला लागलं की त्याला क्लास लावतात. नवोदयचा, स्कॉलरशिपचा, पुढं पोलीस भरतीचा, तलाठ्याचा. मागच्या वर्षीचा पेपर मिळत नाही अशी परीक्षा जगात असू शकते, हे आमच्याकडं कुणाच्या मनातच येत नाही. सरांनी त्या संध्याकाळपासून फोन फिरवायला सुरुवात केली आणि दोन-चार दिवसांत पालमचा सिताराम सापडला. सिताराम त्यांचा जुना विद्यार्थी. त्याच्या पुतण्याची अशीच तपासणी याच मॅडमकडं झाली होती. सरांनी त्या पोराला समोर बसवून अख्खी चाचणी आठवून घेतली. कोणते शब्द सांगतात, कोणती आकृती काढायला लावतात, आकडे उलटे कसे म्हणायला लावतात, सगळं. ज्या पोराचं डोकं तपासायला नेलं होतं त्याला पेपर तोंडपाठ, मग त्याला नेलं तरी कशाला, असं मी विचारलं.

"ते चंचल हाय, इसराळू न्हाई," सर म्हणाले. आणि 'अपेक्षित प्रश्न' तयार झाले.

मी भांडले. "आवो, ही आजाराची तपासणी हाय. रक्त तपासायला जाताना कुणी रक्ताचा क्लास लावतंय का?"

"शुगर तपासायच्या आधी मामा चार दिवस गोड सोडत्यात का न्हाई?"

मामा म्हणजे माझे सासरे, दिनकरराव. ते खरंच सोडतात. चार दिवस चहासुद्धा बिनसाखरेचा घेतात, रिपोर्ट नॉर्मल आला की डॉक्टरच्या नाकावर टिच्चून पेढा खातात आणि महिन्याभरात पाय सुजवून घेतात. ज्या घरात डॉक्टरला फसवणं म्हणजे पास होणं, तिथं काय बोलायचं?

मामांनी तर विषयच संपवला. "लेकराच्या डोक्यावर शिक्का बसला तर उद्या सोयरीक कोण करंल? आपल्या घराण्यात आजवर कुणी नापास झालेलं न्हाई." मामा स्वतः चौथीच्या वर्गात मिशा फुटेपर्यंत बसले होते. तेव्हा घराणं बहुतेक दुसरं असावं.

मग महिनाभर आमच्या घरात मेंदूचा क्रॅश कोर्स चालला. सेलूचा क्लास सुटला की सर मोटारसायकल तडक घरी आणायचे आणि हातपाय धुऊन प्रियांकाशेजारी मांडी घालायचे. आंबा, खिडकी, बैल, साबण, असे ते शब्द. एकेक शब्द एकेका पायरीवर ठेवायचा आणि पायऱ्या चढत म्हणायचा. आकृती तर आत्याबाईंनी अंगणात रांगोळीनं एवढी मोठी काढली की पोरगी तिच्यावरून चालत चालत शिकली. उलटे आकडे डाळ निवडताना. ती चुकायची, सर परत सांगायचे. ती विसरायची, सर परत पहिल्यापासून. चिडके सर त्या महिन्यात एकदाही चिडले नाहीत. हेच मला सहन होत नव्हतं.

कारण आठवीत असताना याच माणसानं तिला आपल्या क्लासातून उठवलं होतं. 'तू घरीच आराम कर बेटा,' म्हणाले होते. आराम कसला? सेलूच्या बसस्टँडसमोर त्यांचा फ्लेक्स आहे, त्यावर कोट घातलेले सर आणि खाली 'शंभर टक्के निकालाची परंपरा'. त्या शंभरात पोटची पोर बसत नव्हती, म्हणून तिला घरी बसवली. तेव्हापासून घरीसुद्धा तिला घेऊन ते कधी बसले नव्हते. मला येतं तेवढं मी शिकवायचे, आणि मला फार येत नाही. विज्ञानाचं पुस्तक तिच्याइतकंच मलाही जड जायचं.

तपासणीच्या दिवशी आत्याबाईंनी तिच्या हातावर दही-साखर ठेवली. मामांनी नारळ फोडला. सरांनी ठेवणीतला शर्ट घातला. आम्ही सेलूहून गाडीनं परभणीला निघालो तर सर अख्ख्या डब्यादेखत तिला उलटे आकडे विचारत होते. शेजारची बाई मला म्हणाली, "कसली भरती हाय वो?" मी म्हटलं, "डोक्याची."

झटका आला तर जवळ कुणीतरी हवं म्हणून मॅडमनी मला आत कोपऱ्यात बसू दिलं. सरांना बाहेर बसवलं, तर ते खिडकीच्या काचेला नाक लावून उभे राहिले. बबिता मॅडम मूळच्या पूर्णेच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी प्रियांकाशी शाळेबद्दल, मैत्रिणींबद्दल गप्पा मारल्या. मग म्हणाल्या, "आता मी तुला काही शब्द सांगणार आहे, ते नीट ऐक, आणि..."

"आंबा, खिडकी, बैल, साबण," प्रियांकानं सुरू केलं आणि अख्खी यादी एका दमात म्हणून टाकली. म्हणताना तिचे पाय खुर्चीखाली पायऱ्या चढत होते.

मॅडमनी अजून एकही शब्द सांगितला नव्हता. त्यांनी शांतपणे शब्दांची वही बाजूला ठेवली आणि एक कोरा कागद पुढं केला. आकृतीचं कार्ड त्यांच्या हातात पालथंच होतं, तोवर पोरीनं आकृती काढायला घेतलीसुद्धा. काचेतून मला सरांचा अंगठा दिसला, वर केलेला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मॅडमनी दार उघडून त्यांना आत बोलावलं. "या सर. बसा." सर ऐटीत बसले. त्यांना वाटलं, आता हार घालतात.

"मी एक नवीन गोष्ट सांगते," मॅडम प्रियांकाला म्हणाल्या. "कडूबाई नावाची एक बाई लेकीकडं निघाली. तिनं जावयासाठी टॉवेल-टोपी घेतली होती. पूर्णा स्टेशनवर ती घाईघाईनं उतरली आणि पिशवी गाडीतच राहिली. आता तूच मला सांग."

प्रियांकानं सांगितलं. थोडं मागंपुढं झालं, पण सांगितलं. सरांनी विजयी मुद्रेनं माझ्याकडं पाहिलं. मग मॅडमनी तिला रंगीत ठोकळे जुळवायला दिले, आमच्याशी तिच्या झोपेबद्दल, गोळ्यांबद्दल बोलत राहिल्या, आणि बऱ्याच वेळानं सहज म्हणाल्या, "बरं, ती मघाची गोष्ट काय होती गं?"

प्रियांकानं माझ्याकडं पाहिलं, मग मॅडमकडं. "कोणती गोष्ट?"

सर खुर्चीतून अर्धे उठले. दर फेब्रुवारीला कॉपीमुक्त परीक्षेवर भाषण देणारा हा माणूस मॅडमच्या पाठीमागून पोरीला खुणा करायला लागला. आधी आगगाडीची चाकं फिरवली. मग हातात पिशवी धरली. मग डोक्यावर टोपी घातली.

"सर," मॅडम मागं न बघताच म्हणाल्या, "काचेत दिसायलाय मला."

सर पिशवीसकट थांबले. "मॅडम, हे आउट ऑफ सिलॅबस हाय."

"तिचं अख्खं आयुष्यच आउट ऑफ सिलॅबस हाय, सर. उद्या वर्गात शिकवलेलं, दुकानातून आणायला सांगितलेलं, सकाळची गोळी घेतली का न्हाई ते, यातलं काय तुमी आधी पाठ करून घेणार?" मॅडमचा आवाज चढला नव्हता. "पोरगी कुठं अडती ते शोधायला मी बसलेय, आन् तुमी नेमकी ती जागा सारवून आणली. तुमी पाठ करून घेतलेल्या चाचण्यांचा आता वर्षभर काही उपयोग न्हाई. त्यांच्यावर रिपोर्ट लिहिला तर येईल, सगळं उत्तम, कशाची गरज न्हाई. मग बोर्ड कशाला देईल वेळ आन् लेखनिक?"

"मग आता?" मी विचारलं.

"माझ्याकडं दुसऱ्या चाचण्या हायत. अजून दोन-तीन वेळा यावं लागंल, रिपोर्ट बोर्डाच्या मुदतीत देता येईल. पण घरी परत तयारी झाली तर मी हात टेकले. आन् त्या रिपोर्टमधी जे हाय ते स्पष्ट लिहिलेलं असंल. चालंल का तुमाला, सर?"

मला माहीत होतं सरांना काय दिसतंय. फ्लेक्स दिसतोय, मामा दिसतायत, 'सरांच्याच घरात' म्हणणारी सेलूची निम्मी बाजारपेठ दिसतीय. शेवटी म्हणाले, "मॅडम, मोघम लिहिता यायचं न्हाई का? म्हंजे वेळ बी मिळंल आन्..." मला त्या क्षणी त्यांची इतकी लाज वाटली की मी तोंड फिरवून घेतलं.

मॅडम सरळ प्रियांकाकडं वळल्या. "तू एवढं सगळं पाठ कसं केलं गं? महिनाभर तेच तेच, कंटाळा न्हाई आला?"

"न्हाई," प्रियांका म्हणाली. "पप्पा जवळ बसायचे. चुकलं की परत सांगायचे. परत चुकलं की परत. चिडायचे न्हाईत." तिनं ठोकळे एकावर एक रचले. "मॅडम, मी पास झाले का?"

मॅडम काही बोलायच्या आतच तिनं विचारलं, "पास झाले तर आता ते बसायचे न्हाईत ना? मग मला नापास करा ना. म्हंजे परत बसतील."

ती कुणाला लागावं म्हणून बोलली नव्हती, आमच्यासारखं लागेल असं बोलायची कला तिला नाहीच. पंखा लावा म्हणावं इतक्या सहज तिनं मागितलं होतं. सरांकडं बघितलं तर शंभर टक्के निकालवाला तो माणूस मांडीवरच्या आपल्या हातांकडं बघत होता, आणि चेहरा अगदी पहिल्या बाकावरच्या, गृहपाठ न आणलेल्या पोरासारखा झाला होता. मला त्यांची दया आली नाही. इतक्या लवकर येऊ नये असं मी ठरवलंच होतं.

"नापास लिहा, मॅडम," ते म्हणाले.

"सर, इथं पास-नापास असं काही..."

"लिहा. जे हाय ते सगळं लिहा. मोघम नको."

म्हणजे शेवटपर्यंत या माणसाला नापास सोडून दुसरा शब्द सापडला नाही. पण मॅडमनी मान हलवली आणि पुढच्या आठवड्याची वेळ दिली.

परतीच्या गाडीत प्रियांकाला खिडकी मिळाली. सर तिच्या शेजारी बसले आणि घसा खाकरून म्हणाले, "उद्यापासून विज्ञान घिऊ. मी बसतो जवळ. रोज." ती एवढी हसली की समोरच्या म्हाताऱ्यालाही हसू आलं. पेडगाव मागं पडलं तेव्हा तिनं विचारलं, "पप्पा, आता तुमी बसणार न्हाईत ना माझ्याजवळ?" सर चपापले. मग परत सांगितलं, उद्यापासून, रोज, विज्ञान. ती परत तशीच हसली. मानवत रोडला गाडी थांबली आणि तिनं पुन्हा विचारलं. सरांनी माझ्याकडं पाहिलं, मी काहीतरी बोलेन, सांभाळून घेईन म्हणून.

मी बाहेर बघत राहिले. म्हटलं, होऊ द्या प्रॅक्टिस.