तीनशे बारावरून चाळीस

ठकूला नवव्या वर्षापासून दिसत नव्हतं. त्यामुळे उजेड मोजणाऱ्या चिपचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा सगळ्यात आधी तीच हसली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं तिने टीम लीडला फोनवर सांगून टाकलं.

ती ड्रायव्हर लिहायची, म्हणजे यंत्रातल्या सुट्या भागांशी बोलणारे प्रोग्रॅम. पडद्यावरची अक्षरं इअरफोनमधला एक सपाट आवाज तिला वाचून दाखवायचा. कंपनीच्या नव्या टॅब्लेटचा पडदा मनाला येईल तेव्हा मंद व्हायचा, आणि चिपवाल्यांनी चिपच्या आतला प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, बदलायला साफ नकार दिला होता. तेव्हा चिपच्या खोडी ड्रायव्हरनेच पदरात घ्यायच्या, असं ठरलं.

तिच्या खोलीत दिवा कधी लागत नसे. उजेड दिवसभर एकसारखा राहावा म्हणून बाबांनी जाड पडदे ओढून घेतले आणि तिच्या पाठीमागच्या कपाटावर टेबललॅम्प ठेवून दिला. चिपचा बोर्ड समोर टेबलावर. तिची सावली त्यावर पडू नये म्हणून खुर्ची जराशी डावीकडे. दर पाच सेकंदांनी आवाज उजेडाचा, म्हणजे लक्सचा, आकडा सांगे. तीनशे बारा. तीनशे बारा.

पहिली खोड दोन दिवसांत हाती लागली. झोपेतून उठवलेली चिप पहिला आकडा झोपण्यापूर्वीचाच सांगायची. तो टाकून द्यायचा, की झालं. उठल्या उठल्या माणूस काय बोलतो ते तरी कोण मनावर घेतं?

पण ही दुरुस्ती करूनही एक गोष्ट राहिली. रोज सकाळी अकरा-वीसच्या सुमारास आकडा चाळीसवर उतरायचा, दहा-अकरा मिनिटं तिथेच बसायचा आणि मग मुकाट्याने तीनशे बारावर यायचा. लीडचं म्हणणं होतं, सरासरी काढ, खड्डे आपोआप बुजतील. तिला ते पटेना.

तिने दुसरा बोर्ड पहिल्याशेजारी ठेवला. तोही चाळीसवर गेला. मग दिवाच मंद होत असेल म्हणून तिसरा बोर्ड लांब वायरीने थेट दिव्याच्या बुडाशी ठेवला. अकरा-वीसला टेबलावरचे दोन्ही बोर्ड उतरले, दिव्याजवळचा तसूभरही हलला नाही. म्हणजे चिपही ठीक होती आणि दिवाही. दोघांच्या मध्ये काहीतरी येत होतं, तिच्या खुर्चीला अगदी लागून.

घरात ती आणि बाबा, दोघंच. आईला जाऊन आठ महिने झाले होते. रात्री जेवताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं. बाबा म्हणाले, तू कामात असताना मी तुझ्या खोलीत पाऊलसुद्धा टाकत नाही. बाबा खोटं बोलणाऱ्यातले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिने एक कान मोकळा ठेवला. अकरा-वीस झाले. चाळीस, आवाज म्हणाला. तिने हात मागे नेला. खुर्चीची पाठ लागली, त्यापलीकडे काही नाही. हात वर नेला, खाली नेला, कपाटाच्या दारापर्यंत फिरवला. हाताला काही लागेना आणि कानात चाळीस, चाळीस चालूच.

तेवढ्यात दाराकडे बाबांचा गुडघा वाजला. तो आवाज तिने हजारांत ओळखला असता.

"बाबा, तुम्ही रोज येता?"

"दारापर्यंत येतो," बाबा म्हणाले. "थोडा वेळ उभा राहतो आणि जातो."

"मग आत का येत नाही?"



"आत जागा कुठे आहे, ठकू? तुझ्या खुर्चीमागे तुझी आई उभी असते."

"आत्ता आहे?"

"आहे. तुझा हात दोनदा तिच्यातून गेला."

तिने हात मांडीवर घेतला. डॉक्टरांकडे न्यावं का यांना, हा विचार मनात आलाच. पण मग बोर्डांना कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं? ती न हलता बसून राहिली. सात मिनिटांनी आवाज म्हणाला, तीनशे बारा. दारातून बाबांची पावलं स्वयंपाकघराकडे गेली.

दुपारी तिने ड्रायव्हर पाठवून दिला. पहिला आकडा टाकायचा, सरासरी काढायची नाही. त्या खड्ड्यांचं काय, असं लीडने विचारलं. तिने लिहिलं, दिव्याच्या आड घरचं माणूस उभं होतं, चिपचा दोष नाही. लीडला ते पुरलं.

बोर्ड परत गेले. दिवा बाबांनी उतरवून ठेवला. आता पाठीमागे कोण आहे, कोण नाही, हे कळायला तिच्याकडे काही उरलं नाही, आणि बाबांना विचारायचा धीर तिला होत नाही. अकरा वाजून गेले की मागे जागा राहावी म्हणून ती खुर्ची टेबलाकडे ओढून घेते, अगदी पोटाला कड टोचेपर्यंत, आणि काम करत राहते.