पॉलिशवाल्याच्या रक्ताची नळी

हसू नका, बोटभर लांबीची, लाल टोपीची रक्ताची नळीच बोलतेय. खोकंभर बहिणींत वाढले, त्यामुळे बोलायची सवय आहे.

माझा मालक फर्निचरला पॉलिश करणारा. रक्तात एचआयव्ही निघालेला, अंगाचं चिपाड झालेलं, आणि गडी अडून बसला, "गोळ्या आजच द्या, डॉक्टर."

"देणारच आहे," डॉक्टर म्हणाले. "पण गोळ्यांनी शरीराची झोपलेली ताकद जागी होते. आत दुसरा रोग दडला असेल तर त्याच्यावर अशी तुटून पडते, की माणसाच्याच जिवावर बेततं. आत कुठे सूज असल्याच्या खुणा रक्तात किती दिसतात ते आधी बघू."

"रक्त दे रे मुकाट्याने," सोबत आलेली थोरली ताई म्हणाली.

रक्त भरून घ्यायचा पहिला मान खोक्यातल्या माझ्या एका बहिणीला मिळाला. शिपाई जेवायला गेलेला, म्हणून नळी पॉलिशवाल्यानेच वर लॅबमध्ये नेली. डबा हलवल्याशिवाय ब्रश न बुडवणारा माणूस! तळाशी काही बसू नये म्हणून जिनाभर तिला खळाखळा हलवत गेला. आतल्या पेशी फुटल्या आणि बिचारी वाया गेली.

लॅबवाल्या बाईंनी कपाळाला हात लावला. "दादा, रक्त आहे हे, वॉर्निश नाही."

मग माझा नंबर लागला. मला ताईने नेलं, श्वाससुद्धा बेताने घेत. यंत्रात गरागरा फिरले, डोकं ठिकाणावर येईना, पण वर पिवळं पाणी स्वच्छ आलं. त्यात सुजेच्या खुणा भरपूर निघाल्या. म्हणून छाती तपासली, तर आत क्षय दडलेला. डॉक्टरांनी आधी त्याची औषधं दिली आणि एचआयव्हीच्या गोळ्या थोड्या दिवसांनी.

पॉलिशवाला लॅबच्या खिडकीशी रुसून उभा राहिला. ताई म्हणाली, "आजच घेतल्या असत्यास आणि काही झालं असतं, तर मी कुणाशी भांडले असते रे?" त्यावर तो खिडकी सोडून तिच्यामागून निघाला.

आता मी फ्रीजरमध्ये असते. परवा दार उघडलं, तर समोर तोच. गाल भरलेले, नवी नळी दोन्ही हातांत धरलेली.

"एवढ्या हळू?" बाई म्हणाल्या.

"मी लिफ्टमध्ये शिरेपर्यंत आतले वैतागले," तो म्हणाला, "पण थेंबसुद्धा हलू दिला नाही."

एवढंच मागणं आहे. आधी आम्हाला बोलू द्या, मग करा काय ती घाई. आणि आता दार लावा, गारवा जातोय.